विनंती बस थांब

शालूताई, तुमचा पेंटर सापडला.

हे खरं तर फोनवर सांगायचं होतं. सापडला त्याच मिनिटाला, गाडी रस्त्याच्या कडेला लावून, मोठ्यानं. मी फोन खिशातून काढलाही. 'शालूताई कंडक्टर' हे नाव अजून त्यात वरच आहे. त्यावर बोट टेकवलं आणि मग आठवलं. म्हणून लिहितो आहे. एकदम शेवट सांगितला तर तुम्ही चिडाल. कोणी काही सांगायला लागलं की तुमचं ठरलेलं असायचं, "थेट नको नेऊ बाप्पा, मधले थांबे घेत सांग." तर मधले थांबे घेतो.

तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा मी एका क्रिकेट टीमचे टी-शर्ट छापत होतो. आर्णीच्या बसस्टँडजवळचं माझं दुकान ते काय, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक गरम प्रेस. गणेश मंडळांचे टी-शर्ट, शाळांचं गॅदरिंग, वाढदिवसाचे कप, यावर ते चालतं. तुम्ही मोबाईल पुढे केलात. त्यात एका पत्र्याच्या बोर्डाचा फोटो होता. पिवळा रंग उडालेला, कडा गंजलेल्या. वर दप्तर घेतलेलं एक पोरगं, पण चेहरा असा की पेन्शनीला आलेला माणूस वाटावा. खाली अक्षरं, 'पुढे शाळा आहे, गाडी हळू.'

"हे मले कुडत्याच्या पाठीवर पाह्यजे," तुम्ही म्हणालात.

"कोन्या शाळेसाठी?"

"शाळेसाठी कायले? माह्यासाठी."

मला वाटलं, बाईंची काहीतरी गंमत चालली आहे. तुम्ही पिशवीतून पांढरा सुती कुडता काढलात. मी समजावलं की या प्रेसवर फोटो फक्त पॉलिस्टरवर बसतो, सुतीवर धरत नाही. तुम्ही दुकानाबाहेर पाहिलंत. वेचणीचे दिवस होते, रस्त्यानं कापसाचा ट्रॅक्टर चालला होता.

"चारी बाजूनं कापूस, अन् कापसावर छापता येत नाही? मंग तू इथं दुकान कायले टाकलं?"

माझ्या भावाच्या शेतातही कापूसच असतो. मी मात्र बाहेरून आलेलं पॉलिस्टर विकत बसलो होतो. प्रेस तापवली आणि छापून दिलं. धुतल्यावर जाईल, मग माझ्या नावानं ओरडू नका, हेही सांगितलं.

दोन धुण्यात तो फोटो निम्मा गेला. तुम्ही तो कुडता घालूनच परत आलात. मी माफी मागायच्या बेतात होतो आणि तुम्ही पाठ वळवून उभ्या राहिलात. "पाह्य. रस्त्यावरचा बोर्ड असा व्हाले वीस वर्षं लागले. तुह्यावाला दोन धुन्यात झाला. मस्त आहे." त्या दिवसापासून मी तुम्हाला गिऱ्हाईक समजणं सोडलं. नागपूरहून सुतीवर चिकटणारी फिल्म मागवायला लागलो तीही तुमच्यामुळेच.

तुम्ही तो कुडता घालून आर्णीच्या मेन रोडनं चालायच्या तेव्हा मी दुकानातून बघायचो. मागून येणारा मोटरसायकलवाला खरंच हळू व्हायचा. वाचायचा, पुढे जायचा आणि मग वळून तुमचा चेहरा बघायचा. तुम्ही त्याच्याकडे असं पाहायच्या, जणू तो बिनतिकिटाचा आहे.

हळूहळू कळलं की तुम्ही वीस वर्षं कंडक्टर होतात. राजूरला खाणीच्या वस्तीत घर, वणीचा डेपो. यजमान गेल्यावर नोकरी धरलीत, निवृत्त झाल्यावर मुलीकडे, प्रज्ञाकडे, आर्णीला आलात. प्रज्ञानं मोबाईल घेऊन दिला आणि तुम्ही तो हातात आल्याबरोबर वणीची गाडी पकडलीत, जुने बोर्ड टिपायला. मी विचारलं होतं, बोर्डच का? तुम्ही म्हणालात की गाडीच्या दारात उभं राहून रोज एकच रस्ता बघितला की झाडं बदलतात, माणसं बदलतात, नवीन घरं होतात. बोर्ड मात्र रोज तेच सांगतो, तरी कधी तो कोणी लिहिला ते सांगत नाही. "मले ते पाह्यजे होतं. लिहिनारा कोन?"

हा प्रश्न तुम्ही मलाही लावून दिलात.

मग आपले रविवार सुरू झाले. दुकान बंद असायचं. मी गाडी काढायचो, तुम्ही मागे बसायच्या, डोक्याला स्कार्फ, मांडीवर डबा. घाटंजीकडून पांढरकवडा, तिथून मुकुटबन, कधी वणी. प्रज्ञा म्हणायची, "आईले घरी आना फक्त, कुठी नेता ते विचारत नाही." तुम्हाला सगळं पाठ होतं. "आता नाला येईन. नाल्यानंतर डाव्या हाताले भिंत. भिंतीवर सायकलवाला." आणि भिंत यायची. कधी भिंत असायची पण तिच्यावर मोबाईल कंपनीचा रंग मारलेला असायचा. तेव्हा तुम्ही गाडीवरून उतरायच्या, भिंतीच्या जवळ जायच्या आणि नव्या रंगाखालून जुनं अक्षर कुठे दिसतं का ते बघायच्या. मी हॉर्न वाजवायचो. तुम्ही हात मागे करून मला थांबवायच्या.

ते बोंड तुम्हीच पहिल्यांदा पाहिलंत, हे कबूल. मी त्या बोर्डांचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून, डाग पुसून, रंग उजळून ठेवायचो. शाळेच्या बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यातला एक करडा डाग मी पुसलाही होता. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होता.

"आन तो परत."

"डाग आहे, ताई."

"आन म्हनते ना."

परत आणला, मोठा केला. अर्धं उमललेलं कापसाचं बोंड होतं, हरभऱ्याएवढं, पण चारही पाकळ्या नीट काढलेल्या. मग आपण बाकीचे फोटो उघडले. सायकलवाल्याच्या भिंतीवर बोंड. एका बंद पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर बोंड. मुकुटबनच्या रस्त्यावरच्या थांब्याच्या बोर्डावर बोंड. नाव कुठेच नाही. त्या दिवशी आपण दोघंही जेवलो नाही. प्रज्ञाचा फोन आला तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "थांब वं, इथं एक मानूस भेटून राह्यला."

आणि महिनाभरात तुम्ही जाहीर केलंत की तो माणूस नाहीच, बाई आहे.

मी हसलो होतो. तेही कबूल. तुमचं कारण असं होतं की रंग उडाला तिथं अक्षरांच्या खाली ठिपके दिसतात, एका अंतरावर, रांगेत. "हे रांगोळीचे ठिपके आहेत गजू. मानूस पट्टीनं रेघा मारते. ठिपके देऊन अक्षर कोन काढते?" मी म्हणालो, ज्याला पट्टी मिळाली नाही तो. तुम्ही म्हणालात, नाव न टाकता खूण टाकणारी बाईच. मी म्हणालो, बायकांनी त्या काळात रस्त्यावर शिडी लावून बोर्ड रंगवल्याचं कोणी पाहिलं आहे का? तुम्ही म्हणालात, "बाई तिकीट फाडते हे तरी तुह्या गावात कोनी पाह्यलं होतं का?" हे भांडण आपण घाटंजी ते आर्णी कितीदा केलं, मोजलं नाही. दोघांपैकी कोणालाच ते संपवायचं नव्हतं.

आता तो थांबा. तो मला टाळता येणार नाही.

मुकुटबनच्या अलीकडे, रस्ता वळतो तिथं, बाभळीखाली तो बोर्ड आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं. 'विनंती बस थांबा' असं लिहायचं होतं, लिहिलंय 'विनंती बस थांब'. शेवटचा काना नाही. मी पहिल्यांदा वाचलं आणि हसू आवरेना. जणू कोणी बसला हात जोडून म्हणतं आहे, बस, थांब. तुम्ही हसला नाहीत. डबा उघडलात, मला भाकरी दिलीत, स्वतः घेतली नाही. मग सांगितलंत.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. बोर्ड तेव्हा नवा होता. गाडीला उशीर झालेला, त्याआधी दोनदा तुम्हाला उशिराचा मेमो मिळालेला. वळणावर एक बाई उभी होती, कडेवर लेकरू, हात वर केलेला. ड्रायव्हरनं आरशातून तुमच्याकडे पाहिलं. घंटी तुमच्या हातात होती. तुम्ही ओढली नाही. गाडी गेली.

"म्या मागच्या काचेतून पाह्यलं. तिनं हात खाली नाही केला. तसाच वर. गाडी वळेपर्यंत वरच."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी गाडी थांबवली. कोनी नव्हतं. त्याच्यानंतर वीस वर्षं त्या थांब्यावर म्या घंटी मारली, कोनी असो का नसो. ड्रायव्हर वैतागायचे. पन ती लेकरू घेऊन कुठी चालली होती ते काही मले समजलं नाही."

तो फोटो तुम्ही निळ्या कुडत्याच्या पुढच्या बाजूला छापून घेतलात. तोच एक पुढच्या बाजूला होता. बाकी सगळे पाठीवर.

हे मला माहीत होतं, ताई. माहीत असून मी ते केलं.

यवतमाळच्या कॉलेजच्या पोरांनी शाळेच्या बोर्डाचे शर्ट घेतले, फोटो टाकले, मग नागपूरच्या एका दुकानातून फोन आला. त्यांना जुन्या बोर्डांचे शर्ट हवे होते. सगळ्यात जास्त थांब्याचा. पण दुकानवाला म्हणाला, चूक दुरुस्त करा, गिऱ्हाइकांना वाटेल आमच्याकडूनच छापताना राहिलं. मी गिरणीच्या बोर्डावरचा, म्हणजे त्याच पेंटरच्या हातचा काना उचलला आणि 'थांब'ला जोडला. पाच मिनिटांचं काम. गठ्ठा बांधत होतो आणि तुम्ही आलात.

वरचा शर्ट तुम्ही उचललात. दाराच्या उजेडात धरलात.

"हा काना कोनाचा?"

"तिचाच आहे, ताई. गिरणीच्या बोर्डावरून घेतला." घाईत मी पेंटरला 'तिचा' म्हणून गेलो. एरवी त्यावर तुम्ही उड्या मारल्या असत्या.

"तिले विचारलं?"

"कुठून विचारू? कुठी आहे ती?"

"मंग जे तिनं लिहिलं नाही ते तू तिच्या हातानं काहून लिहिलं?"

मी म्हणालो, चूक ती चूक, तुमच्या आठवणीसाठी गिऱ्हाईक चुकीचा शर्ट घालणार का? हे वाक्य मी म्हणालो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही शर्टाची घडी घातलीत, काठ जुळवून, जशी तिकिटाची पेटी बंद करत असाल तशी शांतपणे, आणि गठ्ठ्यावर ठेवलीत. "ठीक आहे गजानन," म्हणालात. गजू नाही. आणि निघून गेलात.

तीन रविवार गेले. मी रोज ठरवायचो, उद्या जाऊ. घर तुमचं माझ्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर. मला वाटायचं, पेंटर शोधून मगच जाऊ, मोकळ्या हातानं काय जायचं. शोधायला मात्र गेलो नाही. चौथ्या रविवारच्या आधी प्रज्ञाचा फोन आला. आवाज तिचा नव्हताच, तिच्या शेजारणीचा होता.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आलो होतो. पांढरा साधा शर्ट शोधायला मला कपाट उपसावं लागलं, माझ्याकडे काहीही न छापलेला शर्टच नव्हता. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. राजूरहून तुमच्या वस्तीतली माणसं आली होती, डेपोतली आली होती. एक म्हातारे ड्रायव्हर उभं राहून बोलले की शालूबाई असली की गाडी त्या बाभळीजवळ थांबायचीच, का ते आम्हाला कधी कळलं नाही. मी मागे बसलो होतो. मला कळत होतं आणि मी खाली बघत होतो.

जेवणं झाल्यावर प्रज्ञा माझ्याकडे आली. "दादा, आई तुमच्यावर चिडली होती का? शेवटी शेवटी तुमचं नाव निघालं की उठून जायची."

मी म्हणालो, "हाव. माहीच चूक होती."

"मंग आले काहून नाही?"

 उत्तराची वाट न पाहता ती वळली. आत जाऊन तुमचा मोबाईल आणला. "याच्यातले फोटो तुम्हीच पाहा. मले यातलं काही समजत नाही."

त्यानंतरच्या मंगळवारी मी दुकान उघडायला गेलो, कुलूप हातात घेतलं आणि उघडावंसं वाटलं नाही. गाडी तशीच वळवली. घाटंजी, पांढरकवडा, मुकुटबन. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती. मागचं सीट रिकामं असल्यानं गाडी खड्ड्यात जास्त उडत होती. भिंत आली तिथं थांबलो. तिच्यामागचं सायकलवाल्याचं दुकान, आपण कायम बंद पाहिलेलं, उघडं होतं.

ताई, ते दुकान उघडं असतं! फक्त रविवारी बंद असतं. आपण दोन वर्षं दर रविवारी त्या बंद दारापुढे उभं राहून आता इथं कोणी राहत नाही असं म्हणत होतो. तुम्ही कामावर होता तेव्हा गाडी तिथून भरधाव जायची, आणि नंतर आपल्याला सुटी रविवारचीच.

मिस्त्री ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी भिंतीवरच्या बोंडाकडे बोट दाखवून विचारलं, हे कोणी काढलं?

"भिंत? वासुदेव पेंटरनं. वारला तो लय वर्षं झाले."

मी मनात म्हणालो, घ्या, शालूताई हरल्या. आणि खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. मी जिंकायला नको होतो.

"पन अक्षर त्याचं नव्हतं," मिस्त्री ट्यूबकडे बघतच म्हणाले. "त्याले कुठी लिहिता येत होतं? अक्षर इंदूचं. त्याची बायको. भिंत रंगवाची तर सकाळी उजेड फुटाच्या आत येऊन ठिपके देऊन जायची, मंग तो दिवसभर रंग भरायचा. आहे ना ती. पुढच्या गावात."

फोन खिशातून काढला तो इथं.

इंदूबाईंचं घर गावाच्या सुरुवातीलाच आहे. अंगणात त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, बोटांनी चाचपत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. माणूस आला एवढं कळतं, कोण ते दिसत नाही. मुलगा हैदराबादकडे कामाला. पुतण्याची बायको शेजारी राहते, तिनं खाट टाकली, चहा दिला.

मी काय सांगायला आलो तेच मला नीट सांगता येईना. शेवटी म्हणालो, "आजी, तुमचं अक्षर मी कपड्यावर छापतो. तुम्हाले विचारलं नव्हतं. विचाराले आलो."

"कपड्यावर? कोन्या कपड्यावर?"

"अंगात घालाच्या."

"लोक घालतेत?" त्या हसायला लागल्या. "बोर्ड घालून फिरतेत? अन् धुतेत कसे?"

"उलटा करून."

यावर त्या इतक्या हसल्या की शेंगांची टोपली कलंडली. मग म्हणाल्या, दाखव. आणि लगेच म्हणाल्या, दाखवून काय करतो, दे.

माझ्या पिशवीत थांब्याचा एक शर्ट होता, बिनकान्याचा, तुमच्या कुडत्याबरोबर नमुना म्हणून छापलेला. फिल्मचा छाप कापडावर जरा उठून येतो, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यावरून कुरकुरायच्या. इंदूबाईंनी शर्ट मांडीवर पसरला आणि बोट फिरवायला सुरुवात केली. अक्षराच्या वळणानं, लिहिताना जातं तसं. "वि. नं. ती." मग "बस." मग "थां". 'ब'चं पोट पूर्ण केलं, दांडी खाली आणली आणि बोट पुढे सरकलं. पुढे सपाट कापड होतं. बोट मागे आलं, परत पुढे गेलं.

"काना कुठी गेला?"

मी म्हणालो, "बोर्डावर नाहीच, आजी."

"नाही कसा? म्या काढला होता. उजव्या बाजूची पट्टी आहे का बोर्डाले? पांढरी?"

मी बघितलं. बोर्डाला पांढरी किनार आहे, वर, खाली आणि डावीकडे. उजवीकडे नाही. आपण त्या फोटोकडे दोन वर्षं बघत होतो, ताई. बोंड शोधलं, ठिपके शोधले, गंजाचे डागसुद्धा ओळखीचे झाले. किनार तीनच बाजूंनी आहे हे ना तुम्हाला दिसलं ना मला.

"पत्रा कापला मंग लावनाऱ्या मेल्यानं," इंदूबाई म्हणाल्या. "लोखंडाची फ्रेम आखूड झाली असंन. मानसं आले, बोर्ड घेऊन गेले. लावल्यावर म्या कुठी पाह्यला? माहा थांबा त्याच्या अलीकडचा." मग म्हणाल्या, "इतके वर्षं लोक म्हनत असतीन, लिहिनारीले काना येत नव्हता."

"लिहिणारी आहे हेच कोणाले माहीत नव्हतं, आजी," मी म्हणालो. "एकीलेच माहीत होतं."

आणि मग तुमच्याबद्दल सांगितलं. ठिपके ओळखल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. सातवीपर्यंत शाळा झाली, पण बोर्डाएवढं मोठं अक्षर काढायची तेव्हा हात फक्त रांगोळीचा होता, म्हणून ठिपके. बोर्ड सगळे याच अंगणात व्हायचे. चित्रं नवऱ्याची, अक्षरं त्यांची. मी विचारलं, ते शाळेचं पोरगं म्हाताऱ्यासारखं का दिसतं? "त्याले दुसरा चेहराच येत नव्हता. वाघ काढला तरी सासऱ्यासारखा दिसे." बोंडाचं विचारलं. "तो म्हने, खाली आपलं नाव टाक. आपलं म्हंजे त्याचं. म्या बोंड काढलं. हे काय, म्हने. म्या म्हटलं डाग पडला. त्याच्यानंतर सगळ्यावर डाग पाडला."

शेवटी त्या बाईचं सांगितलं, हात वर केलेल्या. ते सांगायला मला वेळ लागला. इंदूबाई शर्टावर हात ठेवून ऐकत होत्या.

"कोन्या वेळची गाडी?"

"दुपारची. तीनची असंल."

"तीनची गेली तर मागून साडेतीनला दूधवाल्याची जीप याची. सगळे तिच्यातच बसत. म्या बी कितीदा बसली. लेकरू असलं तर पुढं बसवे तो." मग म्हणाल्या, "तुह्या कंडक्टरीनबाईनं कोनाले विचारलं नाही का?"

नसेल विचारलं. तुम्ही घंटी मारत राहिलात. ती बाई जीपमध्ये बसली की नाही हे मला माहीत नाही, आणि मी बसली असं तुम्हाला सांगणार नाही, खोटं तुम्हाला लगेच कळायचं. पण जीप होती, ताई. तुमच्या गाडीमागून रोज एक जीप येत होती.

छापायची परवानगी त्यांनी दिली, एका अटीवर. काना पाहिजे, पण कॉम्प्युटरचा नको, दुसऱ्या बोर्डावरचा तर मुळीच नको. "त्या बोर्डाची उंची येगळी, हात येगळा फिरते." म्हणजे तुम्ही बरोबर होतात आणि मीही होतो, आणि दोघांच्या वाट्याला रागाशिवाय काही आलं नाही. पुतण्याच्या बायकोनं खडू आणि पाटी आणली. इंदूबाईंनी आधी बोटानं शर्टावरच्या 'ब'ची उंची घेतली, मग पाटीवर एक उभी रेघ ओढली. चाचपून पुसली. दुसरी ओढली, पुसली. "हात कापते आता." तिसरी ठेवली. मी तिचा फोटो काढला. नागपूरच्या दुकानाला कळवलं आहे की आधीचे शर्ट परत पाठवा. तुमचा निळा कुडता प्रज्ञाकडे आहे. त्याला मी हात लावणार नाही.

त्या दिवशी जे म्हणालो ते चुकीचं होतं, ताई. कान्याबद्दल नाही म्हणत. तुमच्या आठवणीबद्दल जे बोललो ते. दहा मिनिटांवर येऊन हे म्हणता आलं असतं.

इंदूबाईंच्या डोळ्यांचं प्रज्ञाशी बोललो. ती नर्स असल्यानं तिनंच यवतमाळला सगळं ठरवलं. गुरुवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पुतण्याची बायको सोबत येईल, गाडीची सोय मी केली आहे. काल फोनवर मी उत्साहात म्हणालो, "आजी, पट्टी निघाली की सगळ्यात आधी तुमचा बोर्ड दाखवतो. बाभळीखालचा."

"माह्या हातचं नको दाखवू," त्या म्हणाल्या. "ते मले माहीत आहे. दहा वर्षं झाले, कोनी काय लिहिलं ते मले दिसलं नाही. दुसऱ्या कोनाचं चांगलं अक्षर असंन तर ते दाखव."

म्हणून या रविवारी मी वणीच्या रस्त्यानं निघालो आहे. तिकडचे बोर्ड मी कधी नीट पाहिले नाहीत, तुम्ही सांगायच्या तेवढेच बघायचो. आता हळू चालवेन. डाव्या हाताला बघेन, येताना दुसऱ्या बाजूला. चांगलं अक्षर म्हणजे काय असतं हे मला अजून नक्की माहीत नाही, पण दिसलं तर उतरून जवळ जाईन.